मजकूर जसाच्या तसा लिहावा

सकाळी पावणेनऊला पहिला फोन एन्टविसल आजोबांचा.
बसथांब्यामागच्या झुडपात चिप्सचे खोके,
आज सात. काल पाच होते.
दुधाचा रतीब मांडावा तसे ते मांडून ठेवतात.
मी बर्न्ली कौन्सिलच्या तिसऱ्या मजल्यावर
कानाला यंत्र लावून लिहून घेते: सात.
तक्रार क्रमांक सांगते. ते तो परत म्हणून दाखवतात,
एकही आकडा चुकत नाही.

मग गादी. कालव्याकाठी कुणीतरी अख्खी गादी टाकलीय,
उशीसकट.
मग कुत्र्याची घाण, पिशवीत नीट बांधून
फांदीला नवसासारखी टांगलेली.

भिंतींचा फॉर्म वेगळा असतो.
भिंत कुणाची, आपली की खाजगी?
खाजगी असेल तर मालकाची सही लागते,
आणि मालक बहुतेक वारलेला असतो, नाहीतर स्पेनमध्ये.
स्वरूप आक्षेपार्ह आहे का?
असेल तर चोवीस तास.
नसेल तर कामाचे दहा दिवस.
खाली एक चौकट:
मजकूर जसाच्या तसा लिहावा.

मंगळवारी एका बाईंचा फोन. रेल्वेपुलाखालची भिंत.
"तुम्हाला कसं सांगू," म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यावरून वाटतंय की..."
मी म्हटलं, सांगा, मला टाइप करायचंय.
त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं,
आजाऱ्याला चमच्याने औषध पाजावं तसं.
आधी आम्ही कोण ते होतं, मग एक शिवी,
मग आम्ही कुठे जावं.
स्पेलिंग चुकलेलं होतं. मी दुरुस्त केलं नाही,
नियम आहे.
आक्षेपार्ह: हो.
घड्याळ सुरू झालं.

भिंतीवर जातो तो क्लाइव्ह ग्रिमशॉ.
पिवळी व्हॅन, गरम पाण्याचा फवारा,
करड्या रंगाचे तीन डबे, तिन्ही वेगळे,
आणि गावातल्या एकाही करड्याशी न जुळणारे.
दुपारी त्याचा फोन: गेलं.
चारला पुन्हा: गेलं नाही.
शंभर वर्षांच्या गिरणीच्या धुराने भिंत काळी,
आणि जिथे घासलं तिथे दगड मधासारखा निघाला.
आधी लाल रंगात होतं, आता उजेडात आहे.
"मीच लिहिल्यासारखं दिसतंय गं," म्हणाला.

मला पाटी आठवली.
मिरजेच्या शाळेत थुंकी लावून पुसलेली.
ओली असेतो काळीभोर, निर्दोष.
वाळली की चुकलेलं उत्तर पुन्हा वर.
कुंभोजकर बाई नेमक्या तेव्हाच यायच्या.

अख्खी भिंत धुवावी लागेल, क्लाइव्ह म्हणाला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
आणि थांबला.
त्या टोकाला, गुडघ्याच्या उंचीवर, दाराला लावतात तसल्या निळ्या रंगात:
किअरन, चहा निवतोय.

आठ वर्षं आहे ते. कालव्यातून काढलेल्या पोराचं.
दर मार्चमध्ये कुणीतरी गिरवून जातं.
त्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही.
"फवारा चालू ठेवू का बंद करू?"
मागे पाण्याचा आवाज, वरून स्किप्टनकडे जाणारा एखादा ट्रक.

मी नवा फॉर्म उघडला.
भिंत: आपली.
आक्षेपार्ह: नाही.
चौकटीत लिहिलं, जसंच्या तसं,
स्वल्पविरामासकट.
दहा दिवस मिळाले.

शनिवारी बघायला गेले. भिंत बिस्किटासारखी झाली होती,
परकी, जरा लाजलेली,
आणि टोकाला हातभर काळा चौकोन सोडलेला,
त्यात निळं.
माझं काही कुठे वाचता येत नव्हतं.
मी तरी वाळेपर्यंत उभी राहिले.

आज अकरावा दिवस. ती ओळ स्क्रीनवर लाल झालीय.
एन्टविसल आजोबा म्हणाले, पुलाखाली बरं धुतलंत,
पण कोपऱ्यात एक काळा तुकडा राहिलाय.
मी क्रमांक सांगायला लागले.
"नको, लिहू नका. नुसतं सांगितलं."
मग थोडं खोकले.
खोके आज चार. एकात चिप्स तशाच होत्या.